मंगलाबाईची सेवानिवृत्ती

करडीच्या मंगलाबाईला साठ वर्षं झाली आणि तिने घरात जाहीर केलं, की यंदाची रोवणी आटोपली की आपण रिटायर होणार.

तसं यात नवल काही नाही. शाळेत, बँकेत, तहसिलीत माणसं रिटायर होतच असतात. शाल पांघरून फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्यांच्या कामात लुडबुड करायला मोकळी होतात. पण मंगलाबाई कुठल्या कचेरीत नव्हती. ती रोवणी करायची. दुसऱ्याच्या शेतात, बांधीत, गुडघाभर चिखलात वाकायचं, डाव्या हातात धानाच्या रोपांची जुडी धरायची आणि उजव्या हाताने चार-चार काड्या खोचत जायचं, ही तिची नोकरी. तेराव्या वर्षी ती आईबरोबर पहिल्यांदा बांधीत उतरली होती. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे. तिच्या वयाचं अर्धं करडी एक जानेवारीलाच जन्मलेलं आहे, कारण खरी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती आणि काहीतरी लिहिणं भाग होतं. पण कार्डावर साठ म्हणजे साठ. सरकार मानतं तर आपण का मानू नये, असं तिचं म्हणणं.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते नवऱ्याच्या निरोप समारंभात. यादोराव गजभिये जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. सहा वर्षांपूर्वी ते रिटायर झाले तेव्हा शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता, कार्डं छापली होती, गावातली मोठी माणसं खुर्च्यांवर बसली होती. मुख्याध्यापक बोलले, की यादोरावांच्या हातून कधी घंटा चुकली नाही आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी घर सांभाळून त्यांना मोलाची साथ दिली. टाळ्या पडल्या. सौभाग्यवती तेव्हा बायांच्या रांगेत मागे बसल्या होत्या. सकाळी बांधीत रोवून आल्या होत्या आणि नखांतला चिखल निघाला नव्हता म्हणून हात पदराखाली धरून होत्या. मंगलाबाईला तेव्हा जो राग आला तो अजून ओसरलेला नाही. घर सांभाळलं म्हणे. घर दिवसाउजेडी पाहायला तिला वेळ कधी मिळाला होता? तिने सांभाळल्या होत्या त्या बांध्या, आणि त्याही दुसऱ्याच्या.

यादोरावांनी बातमी ऐकली आणि ते हसले. माणूस वाईट नाही, पण तीस वर्षं शाळेत काढल्यामुळे प्रत्येक गोष्टीला वरून ऑर्डर यावी लागते असं त्यांना वाटतं.

“मजुराले कोन रिटायर करते?” ते म्हणाले.

“कोनीच करत नाही,” मंगलाबाई म्हणाली. “मनूनच माही मी होऊन राहिली.”

आता रोवणीतून बाई एरवी कशी जाते ते सांगायला हवं, नाहीतर मंगलाबाईचा हट्ट नुसता हट्ट वाटेल. टोळी बावीस बायांची. मंगलाबाई तिची म्होरकी. मालकाशी ठेका तीच ठरवायची आणि रोज सकाळी गल्लीगल्लीतून हाका मारत बाया तीच गोळा करायची. ठेक्याच्या कामात एक बाई मागे पडली की सगळी ओळ अडते. मग एके दिवशी त्या बाईला हाक येत नाही. तिला कोणी काढून टाकत नाही, समजावत नाही, दोन शब्द बोलत नाही. हाक यायची थांबते आणि बाई जिथे बसली असेल तिथेच म्हातारी होते.

नऊ वर्षांपूर्वी आनंदाबाईचं असंच झालं होतं. आनंदाबाई टोळीतली सगळ्यात जुनी. मंगलाबाईला लहानपणी काड्या खोचायला तिनेच शिकवलं होतं. तिची कंबर गेली, ती मागे पडू लागली, बाया कुरकुरायला लागल्या. एका सकाळी मंगलाबाईने टोळी नेहमीच्या गल्लीने न नेता मागच्या गल्लीने नेली. आनंदाबाई आपल्या ओट्यावर भाकर बांधून दहा वाजेपर्यंत बसून होती, हे तिला संध्याकाळी कोणीतरी सांगितलं. समजून घेईल बिचारी, असं मंगलाबाईने स्वतःच्या मनाला सांगितलं. आनंदाबाईने समजून घेतलंच. तेव्हापासून दोघी नळावर भेटल्या तरी पाण्यापुरतं बोलायच्या.

त्या एका गोष्टीची मंगलाबाईला लाज वाटायची आणि भीतीही. आता तिचेही गुडघे बोलायला लागले होते. आज नाही तर उद्या टोळी तिच्याही दारावरून न जाता मागच्या गल्लीने जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तसं जायचं नाही, एवढं तिने ठरवून टाकलं होतं. जायचं ते सांगून, दिवसाउजेडी, टोळीच्या डोळ्यांसमोर.

नात प्रतिक्षा तुमसरला कॉलेजात होती. आजीचा बेत ऐकून ती खूश झाली आणि कार्डाचा मजकूर लिहायला बसली. मंगलाबाईने नवऱ्याचं जुनं कार्ड पुढे ठेवलं आणि यातलं काहीही कमी करायचं नाही असं बजावलं. त्यामुळे नव्या कार्डावरही ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत’ हे आलं. नियत वयोमान म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, पण नवऱ्याला मिळालं होतं तर आपल्यालाही मिळालंच पाहिजे. पद: रोवणारी. सेवा: सत्तेचाळीस वर्षं. खाली आपला विनीत म्हणून कोणाचं नाव टाकायचं यावर मात्र प्रतिक्षा अडली. निमंत्रण दुसऱ्या कोणी द्यायचं असतं, असं ती म्हणाली.

“त्याइचं शाळेनं केलं,” मंगलाबाई म्हणाली. “माही शाळा कोनती? टाक माहंच नाव.”

दुसरी अडचण तुमसरच्या छापखान्यात आली. कार्डाच्या माथ्यावर काय छापायचं, असं दुकानदाराने विचारलं. त्याच्याकडे गणपती होता, बुद्ध होता, साईबाबा होते, नुसता कलशही होता. मंगलाबाईने काही नको म्हटलं. दुकानदाराला वाटलं बाई पैसे वाचवते आहे, म्हणून तो फुकटात टाकून देतो म्हणाला. तरी ती नाहीच म्हणाली. घरी आल्यावर यादोराव दुखावले. छप्पन सालापासून आपल्या घरात बुद्धवंदनेशिवाय पान हलत नाही, तुला आज लाज वाटायला लागली का, असं त्यांनी विचारलं. मंगलाबाईला वाद घालायचा नव्हता, पण नवऱ्याला हे कळायला हवं होतं.

“माहा बुद्ध माह्या घरी आहे, तो कुठी जात नाही,” ती म्हणाली. “पन टोळीत कुनबी आहे, तेली आहे, ढिवर आहे, गोवारी आहे, आपल्या आहेत. एकीचा देव वर छापला का दुसरीले तिच्या घरचे अडवतेत. चिखलात आमी एका ओळीत असतो. हा चिखलातलाच कार्यक्रम आहे.”

यादोराव गप्प बसले. पटलं म्हणून नाही. समोरच्याचा आवाज चढला की गप्प बसायचं, हे ते शाळेतच शिकले होते.

आता कार्यक्रमात नेमकं करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. शाल नको, ती पावसाळी उकाड्यात पांघरून घाम येतो. नारळ नको, तो फोडला की पूजा होते. हार तर मुळीच नको, कारण मंगलाबाईच्या डोळ्यांपुढे हार फक्त फोटोला असायचा. टोळीतल्या कुंताबाईने विळ्याची पूजा सुचवली, तीही नको. प्रतिक्षाने दर चार दिवसांनी विचारायचं, आजी, सुचलं का? आजीने म्हणायचं, सुचेल. अशात निम्मा जुलै गेला.

पण खरी चूक कार्डातच होऊन बसली होती, आणि ती चूक फक्त धानवाल्या गावातच होऊ शकते. मंगलाबाईने रोवणी संपण्याची तारीख छापली होती. दहा ऑगस्ट. गेली कित्येक वर्षं पाच ऑगस्टच्या पुढे रोवणी गेली नव्हती. पाच दिवस जास्तीचे धरले म्हणजे झालं, असा तिचा हिशेब. सत्तेचाळीस वर्षं ज्या बाईने पाण्याचा लहरीपणा पाहिला तिने असा हिशेब करावा, याचं सगळ्या गावाला हसू आलं. पाराजवळची माणसं एकमेकांना विचारायची, की रोवणी कोणत्या तारखेला संपते म्हणे बा? मंगलाबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. शाळेच्या कार्डावर तारीख असते, म्हणून आपल्या कार्डावरही तारीख.

पहिलं कार्ड तिने आनंदाबाईला नेऊन दिलं. आनंदाबाई ओट्यावर शेंगा निवडत होती. तिने कार्ड उलटंपालटं केलं, तिला वाचता येत नव्हतं. मंगलाबाईने वाचून दाखवलं. आनंदाबाई बराच वेळ शेंगाच निवडत राहिली.

“मले कायले देतेस?” ती शेवटी म्हणाली. “माह्या वक्ताले तू मागच्या गल्लीनं गेली होतीस.”

“हो,” मंगलाबाई म्हणाली. “गेली होती.”

सबब सांगायची तिने ठरवली होती, ठेक्याची, बायांच्या कुरकुरीची. ऐनवेळी ती तोंडातून निघाली नाही. आनंदाबाईने कार्ड मांडीखाली ठेवून दिलं आणि येते की नाही ते सांगितलं नाही.

गावातला मोठा कास्तकार प्रविण. बापाच्या मागे बारा एकर धान एकटा पाहायचा, बोलायला गोड, वयाने मंगलाबाईच्या मुलाएवढा. टोळी पहिली त्याची, मग बाकीच्यांची. कार्ड मिळालं तसा तो स्वतः घरी आला आणि म्हणाला, की मंगलाबाई, तुमचा सत्कार आम्हीच करतो. आमच्या अंगणात, साडी देऊन, फोटो पेपरात. फक्त अजून दोन वर्षं टोळी सांभाळा. तुमच्यामागे टोळी फुटेल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि साडीही त्याने चांगलीच दिली असती. मंगलाबाईने चहा दिला आणि सांगितलं, की भाऊ, तुमी केला तर तो तुमचा कार्यक्रम होते. प्रविण हसत निघून गेला, पण हसणं ओठांवरच होतं.

मग पाणी दडलं. जुलैच्या शेवटी पंधरा दिवस आभाळ नुसतं पांढरं राहिलं. निम्म्या बांध्या रोवून झालेल्या आणि निम्म्या तडकलेल्या. रोपं वाफ्यात उभ्याउभ्या पिवळी पडायला लागली. सात ऑगस्टला पाणी आलं आणि दीड दिवस थांबलं नाही. मग सगळ्या तालुक्यात एकच धावपळ. रोपं आधीच जून झालेली, आता एकेक दिवस मोलाचा. आठ तारखेला प्रविण पुन्हा दारात उभा. त्याचे पाच एकर राहिले होते. दहाला सगळी टोळी त्याच्या बांधीत पाहिजे होती. कार्यक्रम चार दिवस पुढे ढकला, असं तो म्हणाला. लग्नाच्या तारखा पुढे जातात, हे तर काय.

मंगलाबाईची पंचाईत अशी, की ठेका तिनेच घेतला होता. शिवाय रोप वाफ्यात मरताना पाहणं तिच्याच्याने होत नव्हतं. शेत कोणाचंही असो, रोप मेलं की तिचा जीव तुटायचा. तिने त्या संध्याकाळी बाया बोलावल्या आणि सांगितलं, की परवा तुम्ही प्रविणभाऊच्या बांधीत जा, शब्द दिलेला आहे. मी येणार नाही, कारण कार्डावर दहा तारीख आहे आणि मी ती पुढे ढकलणार नाही. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. ओळीत तिच्या शेजारी रोवणारी चंद्रभागाबाई म्हणाली, की संध्याकाळी काम सुटलं की आम्ही येऊ ना जेवायला. म्हणताना ती जमिनीकडे पाहत होती. तिच्या मुलाने बौद्धांच्या मोहल्ल्यात जेवायला जायचं नाही असं घरी बजावलं होतं, हे मंगलाबाईच्या कानावर आधीच आलं होतं. या, एवढंच ती म्हणाली. पण रात्रीपुरती का होईना, हिंमत खचली तिची, हे लपवण्यात अर्थ नाही.

दहा तारखेला ती उजाडताच अंघोळ करून, निळी साडी नेसून, दाराशी बसली. दारापुढे मांडव होता. साठ माणसांचं वरण, भात आणि वांग्याची भाजी चुलीवर होती. सकाळच्या हाका ऐकू आल्या. आज त्या चंद्रभागाबाई मारत होती, आवाज जरा चाचरत होता. हाका जवळ आल्या, वळणापाशी थांबल्या. मग पावलं मागच्या गल्लीने गेली.

त्यांना लाज वाटली असणार. मांडवासमोरून, सजून बसलेल्या मंगलाबाईच्या डोळ्यांदेखत कामाला जायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. हे सगळं मंगलाबाईला कळत होतं, कारण नऊ वर्षांपूर्वी तिलाही असंच वाटलं होतं. म्हणून काही दुखायचं राहिलं नाही. उलट नेमकं कुठे दुखतं ते तिला त्या सकाळी कळलं.

दहा वाजले. मांडवात यादोरावांचे दोन रिटायर मास्तर आले, शेजारपाजारच्या चार बाया आल्या, गावातला एक पत्रकार आला आणि हार कुठे आहे असं विचारून बसून राहिला. टोळीतलं कोणी नाही. यादोरावांनी हळूच सुचवलं, की मास्तर दोन शब्द बोलतील, आपण उरकून घेऊ. तेवढ्यात काठी टेकत आनंदाबाई आली. मांडवात पाहिलं, रिकाम्या सतरंज्या पाहिल्या, आणि मंगलाबाईशेजारी बसली.

“नाही आल्या का?” तिने विचारलं.

“मागच्या गल्लीनं गेल्या.”

आनंदाबाईला हसू आलं. ते खुनशी नव्हतं. पण तिला आलं आणि तिने ते दाबलं नाही. मंगलाबाईला आधी राग आला, मग तीही हसली, आणि हसताहसता उठून उभी राहिली. तिने शेजारच्या पोराला ऑटो काढायला सांगितलं. यादोरावांना भांड्यांजवळ बसवलं. आनंदाबाईला आणि प्रतिक्षाला ऑटोत घातलं, पत्रकाराला यायचं तर सायकलने ये म्हटलं, आणि निघाली. कुठे, असं प्रतिक्षाने विचारलं. जिथे माही शाळा आहे तिथे, असं तिने सांगितलं.

प्रविणची बांधी डांबरी रस्त्यापासून दोन धुरे, म्हणजे दोन बांध, आत. एकवीस बाया एका ओळीत वाकलेल्या, पाठी तेवढ्या दिसत होत्या. प्रविण धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होता. मालक धुऱ्यावर उभा राहतो तो एवढ्याचसाठी, की कोणी कंबर सरळ करून जास्त वेळ उभी राहिली तर तिला आवाज द्यायचा. काम म्हणजे वाकणं. सरळ उभी राहिलेली बाई मालकाच्या डोळ्यांत सलते. मंगलाबाईने हे सत्तेचाळीस वर्षं ऐकलं होतं आणि म्होरकी झाल्यावर स्वतःही ओरडली होती, हे तिला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. आणि प्रतिक्षाने दोन महिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिला सापडलं.

“तुमी तं रिटायर झाल्या ना?” प्रविण म्हणाला. “मंग आता कायले आल्या?”

“अजून कुठं झाली? व्हायलेच आली.”

तिने निळी साडी खोचली आणि बांधीत उतरली. ओळीच्या उजव्या टोकाला, जिथून सगळी ओळ धरली जाते, तिथे चंद्रभागाबाई होती. ती एक पाऊल सरकली. मंगलाबाईने तिच्या हातातली जुडी घेतली, वाकली, आणि ती जुडी संपेपर्यंत रोवत गेली. घाई केली नाही, काड्या तिरप्या गेल्या नाहीत. हात धुऊन ती उभी राहिली तेव्हा बाया वाकल्या वाकल्याच माना वळवून पाहत होत्या.

“बाया हो,” ती म्हणाली, “मी आता निघते. इथून धुऱ्याधुऱ्यानं डांबरी रोडपर्यंत. मी रोडवर पोचत परेंत कोनी वाकायचं नाही. कंबर सरळ ठेवायची. एवढाच कार्यक्रम आहे, दुसरा काही नाही.”

मग तिने धुऱ्यावर उभ्या आनंदाबाईचा हात धरला.

“हिचा राहिला होता. मी हिले न सांगता टाकलं होतं, तुमच्यातल्या अर्ध्या जनी तवा माह्या संगं होत्या. आज दोघींचा होईल.”

आनंदाबाईने काठी प्रतिक्षाच्या हातात दिली. 

प्रविणला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो म्हणाला, की कामाचा वेळ आहे, रोपं सुकतात, हे सगळं संध्याकाळी करा. बायांकडे वळून चला, चला म्हणाला. एक क्षण कोणीच हललं नाही, ना वर ना खाली. सगळ्यात आधी कुंताबाई सरळ झाली. हातातली जुडी तिने पाण्यात टाकली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. मग एकेक पाठ वर यायला लागली. चंद्रभागाबाई सगळ्यात शेवटी उठली. तिला तिच्या मुलाचं काय, प्रविणचं काय, सगळ्यांचंच भय होतं, पण ती उठली, आणि उठल्यावर तिने डोक्यावरचा पदर मागे सारून चेहरा उघडा केला.

“दुसरी टोळी आनीन मी,” प्रविण म्हणाला.

“आना,” मंगलाबाई म्हणाली.

सगळ्या तालुक्यात त्या दिवशी रिकामी टोळी औषधालाही नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं आणि बांधीतल्या एकवीस जणींनाही ठाऊक होतं. प्रविणने मोबाईल काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला.

धुरा अरुंद आणि निसरडा. दोघी शेजारी चालू शकत नव्हत्या. मंगलाबाई पुढे, आनंदाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे, काठी प्रतिक्षाच्या हातात. रोवणारी बाई बांधीत नेहमी मागे मागे सरकते. लावलेलं पुढे राहतं आणि आपण उलट्या पावली जातो. मंगलाबाई ही बांधी सत्तेचाळीस वर्षं अशी उलटी चालली होती. आज ती समोर पाहत चालली, आणि पुढे काय आहे ते पाहायला तिला खूप बरं वाटलं. पुढे रस्ता होता, ऑटो होता, एक बाभूळ होती. विशेष काही नव्हतं.

मध्ये आनंदाबाई धाप लागून थांबली. मंगलाबाईही थांबली. मागे कोणी वाकलं नाही. खरं सांगायचं तर मंगलाबाईला याहून भरभर चालता आलं असतं. गुडघे दुखत होते, पण इतके नाही. तिने मुद्दाम वेळ घेतला. तिच्या उभ्या जन्मात मालकाचा वेळ तिच्या मर्जीने जात असल्याची ही पहिलीच खेप होती, आणि ती इतक्यात संपवायची तिला घाई नव्हती. छातीत नुसता आनंद होता, आणि आनंदात राग मिसळलेला होता, आणि दोन्ही वेगळे करायची तिला गरज वाटत नव्हती.

सायकलवाला पत्रकार रस्त्यावर पोचला होता. बातमीला नाव काय द्यायचं, असं त्याने विचारलं. कार्डावर लिहिलं आहे, असं प्रतिक्षाने त्याला सांगितलं.

डांबरावर पाय टेकले तेव्हा मंगलाबाईच्या लक्षात आलं, की एक गोष्ट सांगायची राहून गेली. पुन्हा वाकायचं कोणी सांगायचं? वीस वर्षं दर सकाळी, दर जेवणानंतर, ओळ तिच्याच हाकेवर वाकत आली होती. मागे सगळं शांत होतं. एकवीस बाया सरळ उभ्या राहून तिच्या पाठीकडे पाहत असणार. प्रविणही तिची वाट पाहत होता, कारण तो धुऱ्यावरून ओरडला, “मंगलाबाई, सांगा ना त्याइले आता.”

तिने वळून पाहिलं नाही. वळली असती तर तोंडातून हाक निघालीच असती, इतकी ती सवयीची होती. ती ऑटोच्या दांड्याला धरून उभी राहिली. एक वाऱ्याची झुळूक येऊन गेली. मग मागून चंद्रभागाबाईचा आवाज आला. सकाळसारखा चाचरत नव्हता.

“चला वं बाया हो.”

त्या हाकेसरशी आनंदाबाई जागच्या जागी वाकली. नऊ वर्षांत तिला कोणी हाक मारली नव्हती, पण तिची पाठ ती हाक विसरली नव्हती. मंगलाबाईने तिच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला सरळ केलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “ते आता आपल्यासाठी नाही.”